आठ खड्डे आणि नमुना ‘ड’

शैलाबाईंनी काशीनाथराव खोब्रागड्यांना एकच प्रश्न विचारला होता, "अहो, खांब कशाचे घालायचे?"

रविवारची सकाळ होती, चहा समोर होता, आणि चहा संपायच्या आत उत्तर यावं एवढीच त्या माउलीची अपेक्षा होती. पण काशीनाथरावांनी चष्मा लावला. त्यांनी चष्मा लावला की पुढे काय होतं हे एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. शैलाबाईंनी कप उचलले आणि त्या आत निघून गेल्या.

तसे काशीनाथराव सज्जन गृहस्थ. मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले, सिंदेवाहीचे. तेहतीस वर्षं दिल्लीत एका मंत्रालयात काढली (ते मंत्रालय नेमकं काय करतं हे विचारू नका, त्यांनाही ते निवृत्तीपर्यंत पक्कं कळलं नव्हतं) आणि अवर सचिव म्हणून हार-नारळ घेऊन दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटवर परत आले. ऑफिसात त्यांची ख्याती दोन शब्दांवर उभी होती. फाईल आली की समासात ते हिरव्या शाईने लिहायचे, ‘प्लीज डिस्कस’. मग फाईल खाली जायची, चर्चा व्हायची, फाईल वर यायची, आणि तोवर ज्याने प्रश्न विचारला त्याची बदली झालेली असायची.

त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. १९९८ साली त्यांनी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या अकलेने एक निर्णय घेतला होता. मीटिंग रूमच्या पडद्यांचा रंग निळा. ऑडिटवाल्यांनी विचारलं, निळाच का? तो प्रश्न पुढे अकरा वर्षं काशीनाथरावांच्या मागे फिरला. पडदे विटले, फाटले, मीटिंग रूम दुसऱ्या मजल्यावर गेली, तरी ‘निळाच का?’ जिवंत होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काशीनाथराव साधं पाणीही फुंकून प्यायला लागले.

आता या खांबांचं प्रकरण. हरियाणात झज्जरच्या वाटेवर, बादली नावाच्या गावाच्या अलीकडे, खोब्रागड्यांचा पाचशे गजांचा एक प्लॉट होता. तिथे शैलाबाईंना एक छप्पर हवं होतं. भिंती नकोत, दारं नकोत. आठ खांब जमिनीत रोवायचे, वर पत्रे टाकायचे, खाली सतरंज्या. यामागे कारण होतं, आणि ते कारण शैलाबाईंच्या मनात ठसठसत होतं.

मागच्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी सोसायटीचा हॉल दोन महिने आधी बुक केला होता. भंडारा, चंद्रपूर, लातूर, नांदेड असे कुठून कुठून दिल्लीत नोकरीला आलेले तीस घरांचे लोक पांढरे कपडे घालून सकाळी आले, तर हॉलमध्ये कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचे फुगे लागलेले. सेक्रेटरी हसत म्हणाले, "आप लोग बेसमेंट में कर लीजिए ना. जगह तो जगह है." मग तीस घरांची बुद्धवंदना पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे झाली. ‘सरणं गच्छामि’ म्हणताना मागे एका गाडीचा अलार्म वाजत होता. शैलाबाईंनी सतरंज्यांच्या घड्या घातल्या, सगळ्यांना खीर वाढली, आणि लिफ्टमध्ये फक्त एवढंच म्हणाल्या, "पुढची पौर्णिमा आपल्या छपराखाली." आणि दुसऱ्या दिवसापासून तीसही घरांना तसं सांगून टाकलं.

काशीनाथरावांनी त्या लिफ्टमध्ये बायकोचा चेहरा पाहिला होता. म्हणूनच त्यांनी ठरवलं की हे छप्पर असंतसं होता कामा नये. पन्नास वर्षं हललं नाही पाहिजे. आणि तिथेच सगळा घात झाला.

पुढच्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर समितीची पहिली बैठक भरली. अध्यक्ष काशीनाथराव. सदस्य शैलाबाई. तांत्रिक सदस्य त्यांची मुलगी लुंबिनी, कारण तिच्या फोनमध्ये गूगल होतं. आणि विशेष निमंत्रित म्हणून शैलाबाईंच्या आई भीमाबाई, वय ब्याऐंशी, मुक्काम ब्रह्मपुरी, गणपतीच्या सुमारास लेकीकडे यायच्या आणि थंडी पडायच्या आत पळायच्या.

"पप्पा, सिंपल आहे यार," लुंबिनी म्हणाली. "लोहे के पाइप लगाओ, खतम."

"मे महिन्यात लोखंड किती तापतं माहितीये?" शैलाबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांना टेकून बसता आलं पाहिजे. लाकूडच हवं."

"लाकूड म्हणजे सागवान," काशीनाथराव म्हणाले. "आम्ही चंद्रपूरचे. सागवानातलं आम्हाला कुणी शिकवू नये." आणि सवयीप्रमाणे त्यांनी मागे हात नेऊन बेडरूमच्या चौकटीवर टकटक केलं. ही चौकट बिल्डरने सागवानी म्हणून दिली होती, आणि गेली अकरा वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती टकटक ऐकावी लागत होती. "पण म्हणून मी एकतर्फी ठरवणार नाही. सगळ्या पर्यायांचा विचार झाला पाहिजे."

"बाभूळ घाला," भीमाबाई म्हणाल्या.

"आई, तुमची सूचना नोंदवून घेतो."

"नोंदवता कायले? घाला म्हणते. आमच्या गोठ्याचे खांब बाभळीचे. गोठा पडला, खांब उभेच हायेत."

काशीनाथरावांनी ‘बाभूळ (सूचना: श्रीमती भीमाबाई)’ असं लिहिलं आणि चहापानासाठी बैठक तहकूब केली.

इकडे शैलाबाईंनी नवऱ्याची वाट न बघता प्लॉटशेजारच्या धरमबीर चौधरींना सांगून आठ खड्डे खणून घेतले. धरमबीर म्हणजे सहा फूट उंच, चार म्हशींचा मालक, बोलायला मोकळा माणूस. खड्डे बघायला काशीनाथराव गेले तेव्हा तो खाटेवर हुक्का ओढत होता.

"साहब, सोचना क्या है? कीकर गाड़ दो. पीछे मेरे पड़े हैं, दो बरस से सूख रहे हैं. थारे पोते भी बैठेंगे इनके नीचे." असं म्हणून त्याने हातभर लांबीचा एक कीकरचा तुकडा काढून दिला.

काशीनाथरावांनी तो सगळ्या बाजूंनी पाहिला. तुकडा चांगलाच वाकडा होता. कीकर म्हणजे दिल्लीच्या टेकाडांवर माजलेलं काटेरी झुडूप, एवढीच त्यांची कीकरशी ओळख. त्यांच्या विनिर्देशात (हा शब्द त्यांचा, आमचा नव्हे) स्पष्ट लिहिलं होतं: नमुना सरळ असावा, लांबी दीड फूट, जाडी दोन इंच. त्यांनी घरी येऊन लिहिलं, ‘कीकर: अपात्र. सरळ नाही.’ आणि तुकडा गाडीच्या डिकीत टाकून दिला.

मग ते लाकूडबाजारात गेले. एका लालाजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि साल, सागवान, देवदार आणि सफेदा (म्हणजे आपली निलगिरी) असे चार जातींचे नमुने फुकट दिले. (फुकट मिळालेल्या लाकडात काय असतं हे आपल्याला पुढे कळेल.) "और बबूल?" काशीनाथरावांनी सासूबाईंच्या शब्दाखातर विचारलं. लालाजी म्हणाले, "बबूल कौन पूछता है साहब? यहाँ आता ही नहीं." घरी येऊन फाईलमध्ये नोंद झाली, ‘बाभूळ: दिल्ली परिसरात उपलब्ध नाही.’ नमुने त्यांनी बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे उभे करून ठेवले. शैलाबाईंनी विचारलं, "झालं ना आता?"

"आता चाचणी," काशीनाथराव म्हणाले.

चाचणीची कल्पना त्यांना रात्रभर जागून सुचली होती आणि खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. खांबाचा शत्रू कोण? वाळवी. मग वाळवीलाच विचारावं. प्लॉटच्या कोपऱ्यात एक वारूळ होतं. तिथली दोन पोती माती, आतल्या रहिवाशांसकट, त्यांनी द्वारकेला आणली, बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या कुंड्यांत भरली आणि त्यात नमुने रोवायचं ठरवलं. जे लाकूड वाळवी खाणार नाही ते खांबाचं लाकूड. ऑडिटच्या बापालाही ‘हेच का?’ म्हणायची सोय उरणार नव्हती.

आता निवड निःपक्षपाती व्हायची तर नमुन्यांची नावं समितीला कळता कामा नयेत. म्हणून काशीनाथरावांनी एका दुपारी बाल्कनीचं दार आतून लावून घेतलं, मशीनमागचे नमुने काढले आणि करवतीने सगळे दीड-दीड फुटांचे कापले. मोजले तर पाच भरले. लालाजींनी चार म्हटलं होतं, पाच दिले. भला माणूस, असं म्हणून त्यांनी सगळ्यांची डोकी हिरव्या रंगाने रंगवली आणि अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं घातली. कोणतं अक्षर म्हणजे कोणतं लाकूड, ते एका कागदावर लिहून कागद लिफाफ्यात घातला, लिफाफ्यावर लाखेचं सील मारलं आणि बेडरूमच्या कपाटात, त्यांच्या निरोपसमारंभाच्या मानचिन्हामागे ठेवून दिला.

"तुमच्या तर लक्षात असेलच ना, कुठलं काय ते?" शैलाबाईंनी विचारलं.

"मुद्दाम विसरलो," काशीनाथराव अभिमानाने म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं. जे फाईलमध्ये आहे ते डोक्यात ठेवायचं नाही, ही सवय त्यांनी तेहतीस वर्षं जोपासली होती.

नोव्हेंबरात भीमाबाई ब्रह्मपुरीला गेल्या. जाताना कुंड्यांकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, बाभूळ." मग थंडी आली. दर शनिवारी काशीनाथराव मफलर गुंडाळून, भिंग घेऊन नमुने तपासत आणि रजिस्टरमध्ये लिहीत, ‘बदल नाही’. दिल्लीच्या थंडीत माणसंच रजईबाहेर येत नाहीत, वाळवी कशाला येईल? प्लॉटवरून धरमबीरचा फोन यायचा, "साहब, तीसरे खड्डे में कुतिया ब्या गई. पाँच पिल्ले हैं. खंभा कब ला रहे हो?" काशीनाथराव सांगायचे, "प्रक्रिया चालू है."

शैलाबाई या काळात नवऱ्यावर चिडल्या नाहीत, पण त्यांनी हळूहळू विचारणं सोडलं, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. तीस घरांतून फोन यायचे. "ताई, शेड झाली का?" "होतेय," त्या म्हणायच्या, आणि फोन ठेवल्यावर जरा वेळ खिडकीतून खाली पार्किंगच्या उताराकडे बघत राहायच्या.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि वाळवी कामाला लागली. मात्र तिने विनिर्देश वाचलेले नव्हते. कुंडीतून ती बाल्कनीच्या भिंतीवर आली, भिंतीवरून मातीची बारीक नळी बांधत बेडरूममध्ये शिरली, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी काशीनाथरावांनी सवयीने चौकटीवर टकटक केलं तेव्हा टकटक असा आवाज आलाच नाही. बोट आत गेलं.

ती अकरा वर्षांची सागवानी चौकट आतून पुठ्ठ्यासारखी झाली होती. पेस्ट कंट्रोलवाल्याने एक ढलपी काढून हुंगली आणि म्हणाला, "साहब, ये सागवान नहीं है. पॉपलर है, ऊपर पॉलिश." काशीनाथराव पलंगावर बसले. त्या चौकटीपुढे त्यांनी निदान दोनशे माणसांना चंद्रपूरच्या सागवानावर व्याख्यान दिलं होतं. त्यात एक वनाधिकारीही होता.

वाळवी खाली तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली होती. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: ‘फ्लैट ४०४ में दीमक पाली जा रही है. तीन दिन में कारण बताएँ.’ आयुष्यभर दुसऱ्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडणाऱ्या माणसाला पहिली नोटीस आली ती अशी. आणि ती त्याच सेक्रेटरींची आली, हे शैलाबाईंना जास्त लागलं.

"ज्यांच्या दारात उभं राहायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप," त्या म्हणाल्या, "त्यांच्याच दारात आता माफी मागायला जायचं." आणि त्या गेल्याही. काशीनाथराव मागोमाग गेले. सेक्रेटरी दारातच म्हणाले, "भाभीजी, दीमक के लिए भी बेसमेंट दे दूँ?" आणि स्वतःच हसले. शैलाबाई हसल्या नाहीत.

एवढं होऊनही काशीनाथरावांना एक आशा होती. चाचणी तर झाली होती! समिती बाल्कनीत जमली. अ उपटला, हातात भुगा आला. ब तसाच. क आणि इ यांची नुसती हिरवी डोकी शिल्लक होती. पण ड! ड जसाच्या तसा. माती झटकली तर गुळगुळीत, तांबूस, वजनदार. भिंगातून पाहिलं तरी दातांची एक खूण नाही.

"सापडलं!" काशीनाथराव ओरडले. त्यांनी चक्क बायकोचा हात धरला. "शैला, पन्नास वर्षं! पौर्णिमेला अजून अठरा दिवस आहेत. लिफाफा आण!"

लुंबिनीने कपाट उघडलं. मानचिन्हाची लाकडी चौकट गेली होती, नुसतं पितळ उरलं होतं. (‘निष्ठावान सेवेबद्दल’ असं त्यावर कोरलेलं.) मागचा लिफाफा चाळणीसारखा झाला होता. सील मात्र शाबूत होतं. लाख वाळवीलाही आवडत नसावी. काशीनाथरावांनी सील फोडलं. आतल्या कागदावरची अ, ब, क यांची नावं वाळवीने खाल्ली होती. इ-ची ओळही खाल्ली होती. आणि मधोमध, देवाने सांभाळल्यासारखी, फक्त ड-ची ओळ वाचली होती!

"वाचा, पप्पा, वाचा!"

काशीनाथरावांनी वाचलं. अक्षर त्यांचंच होतं.

‘ड: जात नक्की नाही. नंतर विचारून लिहावे.’

लुंबिनी म्हणाली, "पप्पा, सीरियसली?" आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काशीनाथराव ड घेऊन लाकूडबाजारात गेले. लालाजींनी तो उलटसुलट केला. "ये मैंने नहीं दिया. मैंने चार दिए थे, गिन के." दुसऱ्या दुकानात ते शिसम ठरलं, तिसऱ्यात साल, आणि चौथ्यात एका म्हाताऱ्या सुताराने विचारलं, "बाकी चार कौन से खाए दीमक ने?"

"साल, सागवान, देवदार, सफेदा."

सुताराने लालाजींच्या दिशेने पाहिलं आणि जरा दयेने म्हणाला, "बाबूजी, फोकट में बाहर का कच्चा देते हैं. सागवान का भी कच्चा दीमक खा जाती है. लकड़ी का नाम नहीं, गाभा देखो." म्हणजे सहा महिन्यांच्या चाचणीतून एवढंच सिद्ध झालं होतं की कच्चं लाकूड वाळवी खाते. हे सिंदेवाहीत शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या संध्याकाळी काशीनाथराव मेट्रोत उभ्याने घरी आले. जागा रिकामी होती, पण बसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

पौर्णिमेला सोळा दिवस उरले तेव्हा भीमाबाई आल्या, या वर्षी छपराखालच्या पौर्णिमेसाठी म्हणून उन्हाळ्यातच. उन्हाळ्याच्या पापडांचं पीठ, कुरडयांचा चीक, सगळी तयारी बरोबर घेऊन. आल्या आल्या पदर खोचून म्हणाल्या, "शैले, माझं मुसळ कुठं आहे? पापडाचं पीठ कांडायचं हाय."

"मशीनच्या मागे असेल ना, आई. तिथेच ठेवलेलं."

मशीनमागे मुसळ नव्हतं. भीमाबाई बाल्कनीत शोधत फिरल्या. कूलर एका बाजूने कलला होता, त्याखाली लाकडाचा एक तुकडा टेकू म्हणून घातला होता. म्हातारीने वाकून पाहिलं. मग तिची नजर टेबलावरच्या ड-कडे गेली. तिने दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांना जोडले. ते बरोबर जुळले. जोडाच्या किंचित वर एक फुली कोरलेली होती.

"हे यानं कोरलेलं," भीमाबाई म्हणाल्या. ‘यानं’ म्हणजे हरिदास, शैलाबाईंचे वडील, जाऊन बारा वर्षं झालेले. "शैली झाली त्या वर्षी. बांधावरची बाभूळ पडली होती, तिच्या गाभ्याचं."

(यावर मराठीत मुसळाची एक म्हण आहे. ती वापरायचा मोह आम्ही इथे आवरतो, कारण काशीनाथरावांचा चेहरा त्या वेळी तुम्ही पाहिलेला नाही.)

शैलाबाईंनी आईच्या हातातून ते दोन तुकडे घेतले. त्यांनी फुलीवरून अंगठा फिरवला. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं होतंत." काशीनाथरावांना त्या क्षणी मनापासून रडू आलं. निळ्या पडद्यांच्या वेळीसुद्धा त्यांना इतकं आपण चुकलो असं वाटलं नव्हतं. बायकोला छप्पर द्यायला निघालेल्या माणसाने तिच्या बापाची आठवण करवतीने कापून कुंडीत पुरली होती, आणि वर तिला हिरवा रंग फासला होता.

"रडता कायले?" भीमाबाई म्हणाल्या. "मुसळ तर तुटलं. पण कळलं ना आता बाभूळ काय ते?"

"कळलं, आई. पण बाभूळ दिल्लीत मिळत नाही."

"चला दाखवा तुमची दिल्ली," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे प्लॉटवर गेले. तिसऱ्या खड्ड्यातली पिल्लं आता मोठी होऊन आठही खड्ड्यांत लपंडाव खेळत होती. भीमाबाईंनी खड्ड्यांकडे पाहिलंच नाही. त्या थेट धरमबीरच्या गोठ्यामागे गेल्या, तिथे रचून ठेवलेल्या ओंडक्यांपुढे उभ्या राहिल्या, नखाने साल टोकरली, वास घेतला.

"ही काय बाभूळ! ढीगभर पडली हाय."

"आई, हा कीकर आहे."

"जावईबापू, काटे बघा, साल बघा. साठ वर्षं मी बाभळीखाली बसली. मले शिकवता?"

धरमबीरला विचारलं. तो खाटेवरून उठलासुद्धा नाही. "अम्मा जी ठीक कह रही हैं. बबूल कहो, कीकर कहो, एक ही चीज़ है. मैंने तो कार्तिक में ही कहा था साहब को."

तेहतीस वर्षं दिल्लीत राहून काशीनाथरावांना हे कळलं नव्हतं. त्यांच्या फाईलमध्ये दोन स्वतंत्र नोंदी होत्या: एका पानावर बाभूळ अनुपलब्ध, दुसऱ्या पानावर कीकर अपात्र. आणि खड्ड्यांपासून वीस पावलांवर ती दोन वर्षं वाळत पडली होती.

पुढचं काम शैलाबाईंनी हातात घेतलं. त्यांनी चष्माबिष्मा लावला नाही. धरमबीरला विचारलं, "कल से लग जाओगे?" तो म्हणाला, "आज से." बुंध्यांची साल काढली, गाभ्यापर्यंत तासले, जमिनीत जाणारी टोकं विस्तवावर जाळून काळी केली, त्यांना डांबर फासलं, खड्ड्यांत खडी घातली. पिल्लांना धरमबीरच्या गोठ्यात नवं घर मिळालं. चौथ्या दिवशी आठही खांब उभे होते. एकही सरळ नव्हता. एक तर गुडघ्यात वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. काशीनाथरावांनी जाऊन एकेकाला खांद्याने ढकलून पाहिलं, तर ते स्वतःच मागे सरकले.

पौर्णिमेला तीस घरांचे लोक आले. पांढऱ्या कपड्यांनी ते छप्पर भरून गेलं. वंदना सुरू झाली तेव्हा मागून आवाज आला तो फक्त धरमबीरच्या म्हशीचा, आणि तोही एकदाच. लातूरच्या एका आजोबांनी वाकड्या खांबाला पाठ टेकली आणि म्हणाले, "हा बरोबर पाठीच्या आकाराचा आहे हो." शैलाबाईंनी पहिल्या खांबात एक खुंटी ठोकून घेतली होती, डोकं अजून थोडं हिरवं असलेली. तिच्यावर त्यांनी आपली पर्स अडकवली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काशीनाथरावांनी ते पाहिलं, आणि आपला या छपरात एका खिळ्याचाही वाटा नाही, तरी त्यांना फार फार बरं वाटलं.

मात्र सवय जाते कुठे? आठवड्याभराने त्यांनी जुनी फाईल काढली, वाळवीने सोडलेली पानं नीट लावली आणि वर एक टिपण लिहिलं. सर्व पर्यायांचा साकल्याने विचार करून खांबांसाठी बाभूळ (कीकर) वापरण्यास कार्योत्तर मंजुरी मिळावी, ही विनंती. फाईलला लाल फीत बांधून त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर शैलाबाईंच्या ताटाशेजारी ठेवली.

शैलाबाईंनी चष्मा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, मग हिरव्या शाईचं पेन मागून घेतलं आणि समासात दोन शब्द लिहिले: ‘प्लीज डिस्कस’.

काशीनाथराव चर्चेला तयार आहेत. पण शैलाबाई रविवारी छपराखाली असतात आणि इतर दिवशी त्यांना वेळ नसतो, त्यामुळे तारीख अजून मिळालेली नाही.